पसरलेला पदर, बांधलेला पदर

पाहुणे येणार म्हटलं की घरातली सगळ्यांत फाटकी गोधडी आधी लपते. कुणाच्या घरी ती माळ्यावर जाते, कुणाच्या घरी कोठीत, आणि ज्यांच्याकडे माळा नाही न कोठीही नाही, ते तिच्यावर बसून राहतात आणि पाहुणा जाईपर्यंत उठत नाहीत. वाचकहो, तुम्ही-आम्ही सगळे यातलेच. तेव्हा बोरगाव मेघेच्या धुरपतानं गोधडीची घडी करून ज्वारीच्या कोठीमागं कोंबली, यात तिनं जगावेगळं काही केलं नाही. पाहुणी मात्र जगावेगळी होती. ती नॉर्वेची होती.

तेव्हाचं बोरगाव आजच्यासारखं वर्ध्याला खेटून उभं नव्हतं. मधे पऱ्हाटीची शेतं होती, एक नाला होता, आणि शहरातून सांजेला परतणाऱ्याला दिवे दिसायच्या आधी गोवऱ्यांच्या धुरावरून गाव आलं हे कळायचं. हिवाळ्यात सगळं शिवार पांढरं व्हायचं. आता त्या जागी घरं आहेत, घरांना गच्च्या आहेत, आणि कापूस फक्त गाद्यांमध्ये उरला आहे.

नागपूरच्या दसऱ्याला बौद्ध होऊन आलेल्या वस्तीचा तो दुसरा हिवाळा. त्याआधीची रीत अशी होती, की वस्तीनं वर्षभर गावाची पडेल ती कामं करायची आणि बायकांनी मोठ्या घरांपुढं जाऊन भाकर मागायची. पायरीच्या खाली उभं राहायचं, पदर पसरायचा, आणि भाकर वरून पडायची. हाताला हात लागू नये, म्हणून वरून. धुरपतानंही पसरला होता, तिच्या सासूनं पसरला होता, सासूच्या सासूनंही. लहानगी गुलाब तेव्हा आईच्या बाजूला उभी असायची, लुगड्याचा काठ मुठीत धरून.

नागपूरहून परतल्यावर वस्तीनं ती रीत टाकली. गाव थोडे दिवस गुरगुरलं, मग थकलं. धुरपताचा नवरा प्रेमदास वर्ध्याला कापसाच्या जिनिंगात राबायचा, घरात मोठे ते सासरे नानाजी. त्यांना तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मामाजी, हा पदर आता कोनापुढं पसरनार नाई. अन् पोट्टीनं मले तसं पाह्यलं, थे तिनं इसरून जावं. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

नानाजी म्हणाले होते, "लेकरं इसरतात."

धुरपता त्या एका वाक्याच्या भरवशावर होती. गुलाब आता शाळेत जात होती, पाटीवर ग म भ न काढत होती, आणि त्या पायरीबद्दल कधी चकार शब्द बोलत नव्हती. विसरली असेल, असं धुरपता रोज स्वतःला सांगायची.

आता या पाहुणीचं. तिचं नाव एलिन. नॉर्वेतल्या एका विद्यालयाचे काही विद्यार्थी त्या हिवाळ्यात बोटीनं मुंबईला आणि आगगाडीनं वर्ध्याला आले होते. परक्या लोकांची गोष्ट फोटोंतून आणि लिहून कशी सांगावी, हे ते शिकत होते. त्यांच्या मास्तरीनबाईंनी एकेकाला एकेका गावी धाडलं आणि नेम घालून दिला, की आधी घरातल्यांसारखं राबायचं, घरातल्यांचं खायचं, कॅमेऱ्याची पेटी तोवर उघडायची नाही. मग ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारायचं. नेम चांगला होता. त्यात एक भोक होतं, पण ते नॉर्वेतून दिसण्यासारखं नव्हतं.

एलिनची दुभाषी म्हणून सुलोचनाबाई होत्या. पिपरी मेघेच्या, याच समाजातल्या, वर्ध्याच्या शाळेत शिक्षिका, आणि इंग्रजी स्वच्छ. फक्त त्यांना एक सवय होती. त्यांचं भाषांतर गाळणीतून गाळून यायचं.

एलिन पहिल्यांदा वेचणीला गेली तेव्हाची गंमत. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं सोलून निघाली, कापसापेक्षा काडीकचराच जास्त गोळा झाला, आणि कमरेला बांधलेली ओटी सुटून सगळा कापूस सरीत सांडला. धुरपता म्हणाली, "इले कामावर ठेवलं, तं मालक शेत इकून काशीले जाईन."

"काय म्हणते ती?" एलिननं विचारलं.

"म्हणते, तू फार लवकर शिकते आहेस," सुलोचनाबाई म्हणाल्या.

एलिननं हात जोडले. शेतातल्या बायका हसून हसून खाली बसल्या. तीही हसली, आणि तिथून तिचं आणि त्यांचं जमलं. ती चुलीपुढं बसून भाकर थापायची, ती भाकर नकाशातल्या देशासारखी व्हायची, आणि नानाजी मुकाट्यानं खायचे. "लाडाची हाये," म्हणायचे, "गोल नसली तरी पोटात जाऊन गोलच होते."

एकदा संध्याकाळी थंडी बोचायला लागली. गुलाब उठली, कोठीमागून ती फाटकी गोधडी ओढत आणली आणि एलिनच्या खांद्यावर टाकली. "ही घे. घरात हीच गरम हाये."

धुरपताला भुईत जावंसं वाटलं. एलिननं मात्र गोधडीचा एकेक तुकडा बोटानं चाचपून पाहिला. हा कुणाच्या लुगड्याचा, हा कुणाच्या धोतराचा, असं विचारत बसली. आणि कॅमेऱ्याची पेटी उघडली तेव्हा पहिला फोटो तिनं गोधडीचाच काढला.

"आमी लपवावं अन् इनं शोधावं," धुरपता म्हणाली. "कसं जमाचं व माय?"

यावेळी सुलोचनाबाईंनी काहीच भाषांतर केलं नाही.

पेटी उघडल्यावर एलिनचं एक दुखणं सुरू झालं. पाहावं तिकडं घरं पांढऱ्या मातीनं सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मुलं शाळेत, बायका हसऱ्या. ती सुलोचनाबाईंना म्हणाली, "मी परत गेल्यावर शाळाशाळांत हे फोटो पडद्यावर दाखवणार. लोक म्हणतील, किती छान आहे सगळं. या माणसांवर काय अन्याय झाला, ते कुणाला कळणारच नाही. फोटोत फक्त आज येतो. काल कसा आणू?"

सुलोचनाबाईंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यांच्या स्वतःच्या आईनंही पायरीखाली उभं राहून दिवस काढले होते. जगाला हे दिसलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटे.

"काल करून दाखवतील की," त्या म्हणाल्या. "मी विचारते."

पहिल्यांदा विचारलं नानाजींना. उमेदीत त्यांनी गावकीचं काम केलेलं. मोठा माणूस समोरून आला, की वहाणा काढून बाजूला व्हायचं, कमरेत वाकून हात जमिनीला लावायचा आणि म्हणायचं, जोहार मायबाप. दसऱ्यानंतर ते तसं कुणापुढं वाकले नव्हते. आता समोरून कुणीही आला, की ताठ उभं राहून जयभीम म्हणायचे.

"एकदा करून दाखवाल का, ती विचारते."

"त्यात काय हाये," नानाजी हसले. "पाहुनीची हौस."

दुपारच्या उन्हात, अंगणात, त्यांनी वहाणा काढल्या. समोर कुणी मोठा माणूस नव्हता, एक शेळी बांधलेली होती. नानाजी वाकले. हात मातीला लागला. "जोहार मायबाप," ते म्हणाले, आणि आवाज असा निघाला की दारातली धुरपता दचकली. तो हसरा आवाज नव्हता. तो जुना आवाज होता.

कॅमेऱ्याची टिचकी वाजली.

नानाजी लगेच सरळ झाले नाहीत. मग हळूहळू उठले, वहाणा पायात न घालताच हातात घेतल्या आणि घरात गेले. त्या दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं. "भूक नाई," म्हणाले. म्हाताऱ्या माणसाची भूक कधी असते कधी नसते, म्हणून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सुलोचनाबाई एलिनला घेऊन चुलीपाशी येऊन बसल्या.

"धुरपताबाई, उद्या सकाळी हिरालालजींच्या दारात एक फोटो घ्यायचा म्हणते ती. भाकर मागण्याचा. तुम्ही तिथंच जात होता ना?"

धुरपताचा हात परातीत थांबला. "मी नाई पसरत पदर."

"खोटं खोटं हो. नाटकात करतात तसं."

"नाटकातला राजा घरी येऊन राजा राह्यत नाई, मास्तरीनबाई. त्याचं बरं असते."

सुलोचनाबाईंनी जळतं लाकूड चुलीत आत सारलं. "माझी आईही मागायची. आपण सगळं झाकून ठेवलं, तर उद्या हेच लोक म्हणतील, असं काही नव्हतंच. मग चालेल तुम्हाला?"

ही गोष्ट खोटी नव्हती. धुरपतानं सासऱ्याकडं पाहिलं. नानाजी उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसले होते.

"पाहुनी हाये," ते म्हणाले. मागं वळले नाहीत.

त्या घरात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. एकदा घरात पीठ नसताना आलेल्या पाहुण्यालाही त्यांनी जेवूनच जा म्हटलं होतं, आणि मग धुरपता मागच्या दारानं शेजारी धावली होती. तसंच हे. धुरपतानं मान हलवली. एलिननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. आपण नेमाप्रमाणे विचारलं आणि यांनी आनंदानं हो म्हटलं, असंच तिला वाटलं.

सकाळी धुरपतानं गुलाबची वेणी घातली, पाटी हातात दिली. "सरळ शाळेत जाजो. इकडे तिकडे फिरू नको."

हिरालालजींचं किराण्याचं दुकान गावात पुढं, घर मागं. घराला उंच ओटा आणि ओट्याला दगडी पायरी. त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, सुलोचनाबाईंनी आदल्या दिवशी इतकंच सांगितलं होतं, की तुम्ही दारात भाकर देतानाचा फोटो विलायतेला जाणार आहे. यशोदाबाईंनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला होता. त्या लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून, नथ, पाटल्या, गोफ घालून ओट्यावर उभ्या होत्या. पावडरही लावली होती, जरा जास्तच.

"मास्तरीनबाई," त्यांनी वरूनच विचारलं, "भाकर काऊन? पुरी घेऊ का हातात? भाकर काळी दिसन फोटोत. लोक म्हनतीन, एवढं मोठं घर अन् दान काय तं भाकर."

"भाकरच राहू द्या," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"बरं बाप्पा. पन तुपाचा हात लावतो वरून. चमकली पाह्यजे."

एलिन कॅमेरा सांभाळत मागं सरकली. धुरपता पायरीखाली जाऊन उभी राहिली. कुणी जागा दाखवावी लागली नाही. पाय आपोआप तिथंच गेले, जिथला दगड थोडा खचलेला होता. खांद्यावरचा पदर तिनं सोडला. दोन्ही टोकं हातात धरली. हात अजून छातीशीच होते.

"थोडा खाली," एलिन म्हणाली. सुलोचनाबाईंनी ते मराठीत सांगितलं, हळू आवाजात.

तेवढ्यात मागून पाटी ठेवल्याचा आवाज झाला.

शाळेची वाट हिरालालजींच्या घरावरूनच जात होती, आणि शाळेच्या वाटेवर आई दिसली तर कुठलं लेकरू सरळ शाळेत जातं? गुलाब येऊन आईच्या डाव्या बाजूला उभी राहिली. अगदी पूर्वीच्या जागी. तिनं दोन्ही हातांनी आपल्या झग्याचा घेर पुढं पसरला आणि मान वर करून यशोदाबाईंकडं पाहिलं.

"माय, अशीच ना?" ती म्हणाली. "मले येते."

कॅमेऱ्याची टिचकी वाजली नाही. ओट्यावर यशोदाबाईंच्या हातातली भाकर तशीच राहिली. गुलाब मात्र चेहऱ्यावर तो भाव आणत होती, ओठ थोडे उघडे, डोळे थोडे मोठे. लेकरू विसरलं नव्हतं. वर्षभर ते सगळं तिच्या आत नीट घडी घालून ठेवलेलं होतं, आणि आज आईनंच ती घडी उघडून दाखवली होती.

धुरपतानं खाली वाकून गुलाबच्या मुठी सोडवल्या. झगा सारखा केला. मग उभी राहिली, पदर गोळा केला, आणि वेचणीला बांधतात तशी ओटी कमरेला घट्ट बांधली.

"मास्तरीनबाई, मी आता बोलतो. जसं बोलतो तसंच सांगजा तिले. गाळू नका."

सुलोचनाबाईंनी मान हलवली.

"ह्या पोट्टीनं इसरावं म्हनून मी वरीसभर जीव टाकून राह्यली. अन् आज मीच तिले शिकवून राह्यली, पदर कसा पसराव ते. फोटो तं कागदावर राह्यला असता. हे तिच्या अंगावर राह्यलं असतं."

सुलोचनाबाईंनी सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

एलिनचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पण मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"इचारलं होतं. तुई चूक म्हनत नाई मी." धुरपतानं शब्द शोधले. "पन आमच्या घरी पाहुन्याले नाई म्हनाची रीत नाई व बाई. तू मायी भाकर खाल्ली, गुलाबच्या गोधडीत झोपली. मंग तू काईबी इचारलं असतं, आमी होच म्हटलं असतं. तुले खरं उत्तर पाह्यजे असन, तं इचारताना आमाले नाई म्हनाले जागा ठेव."

कुणीतरी खाकरलं. समोरच्या निंबाखाली नानाजी उभे होते. कधी येऊन उभे राहिले होते, कुणास ठाऊक.

"सुनबाई खरं बोलते," ते म्हणाले. "काल मीच पाहुनी पाहुनी करत बसलो. मले वाटलं, दोन मिंटाचा खेळ हाये. खोटं खोटं वाकलो, पन कंबर खरी वाकली. अंगाले नाटक समजत नाई, पोरी. त्याले वाटलं, जुने दिवस आले परत. काल दुपारपासून मी त्याले समजावून राह्यलो, की नाई आले."

सुलोचनाबाईंनी हेही सांगितलं. मग त्या एलिनकडं पाहून इंग्रजीत आणि धुरपताकडं पाहून मराठीत, दोन्हीकडं तेच बोलल्या, "चूक माझी जास्त आहे. ती परकी, तिला कळलं नाही. मी घरची, मला कळायला हवं होतं. आपलं दुःख जगानं पाहावं, या घाईत मी तुम्हालाच पुन्हा दुखवायला निघाले."

इतका वेळ ओट्यावर उभ्या राहून यशोदाबाई नुसत्या एकेकाच्या तोंडाकडं पाहत होत्या. आता त्यांनी नथ सावरत विचारलं, "म्हंजे, हा फोटो दानाचा नोहे?"

"नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "वरून टाकण्याचा."

यशोदाबाईंनी हातातल्या भाकरीकडं पाहिलं. तिच्यावरचं तूप उन्हात चमकत होतं. "पन आता मी कुठं टाकतो वरून?"

"आता मी मागाले येत नाई, बाई," धुरपता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं जे होतं ते होतं.

यशोदाबाई आत निघून गेल्या.

एलिननं कॅमेरा मांडीवर घेतला आणि मातीतच बसली. तिनं नानाजींना विचारलं, काल वाकल्याचा फोटो यात आहे, त्याचं काय करू? आणि स्वतःच पुढं म्हणाली, तुम्ही नाही म्हटलं तरी मला चालेल. शिकवण लगेच कामी आणलेली पाहून नानाजींना हसू आलं.

"मायाच फोटो हाये ना? मंग तो जगाले नको दाखवू."

एलिन म्हणाली, इथं तुमच्यासमोर एकटा तो काढून टाकता येत नाही, सगळं रीळच उन्हात धरावं लागेल. त्यात गोधडी होती, वेचणीच्या बायका होत्या, गुलाब आणि शेळी होती. आतापर्यंतचं सगळं काम होतं. नानाजी काही बोलायच्या आत तिनं कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडलं आणि रीळ ओढून काढलं. काळपट लांब पट्टी उन्हात भिरभिरली.

गुलाबनं भोकाड पसरलं. "मायी शेळी गेली."

"शेळी घरीच हाये," नानाजी म्हणाले. "फोटोच गेला. पुन्हा काढून घेजो."

मग एलिननं धुरपताला विचारलं, आणि हा प्रश्न तिनं फार जपून विचारला. "मग मी तुमची गोष्ट सांगू की नको? आणि सांगायची, तर कशी?"

धुरपता विचारात पडली. तिला वाटत होतं, की विसरणं हेच औषध. पण गुलाब विसरली नव्हती. विसरणार नव्हती. मग जे लेकराला आठवतंच आहे, ते तिला मुक्यानं कशाला आठवू द्यायचं? आणि सुलोचनाबाईंचं कालचं बोलणंही तिच्या मनातून गेलं नव्हतं. झाकून ठेवलं, तर उद्या म्हणतील, नव्हतंच.

"गोष्ट सांग," ती म्हणाली. "पन मी करून नाई दाखवनार. सांगून दाखवीन. मले लाज नाई वाटत. म्या काई चोरी केली का? तू आयक, अन् लिव. गुलाब, तूबी आयक. अन् फोटो पाह्यजे असन तं ह्या पायरीचा काढ. मी बसतो तिच्यावर."

ती पायरीकडं गेली. तेवढ्यात दारातून यशोदाबाई बाहेर आल्या. अंगावर साधं लुगडं होतं, नथ काढलेली, पावडर अर्धीमुर्धी पुसलेली. हातात सतरंजी होती. तिची घडी उलगडत त्या म्हणाल्या, "दगड गार हाये. थांब, हे टाकतो."

"नको बाई," धुरपता म्हणाली. "ह्या पायरीवर नुसतंच बसाचं राह्यलं होतं मायं."

ती बसली. गुलाब शेजारी बसली, पाटी मांडीवर घेऊन. यशोदाबाईंना सतरंजीचं काय करावं ते कळेना. शेवटी त्या तशीच ती पोटाशी धरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. धुरपतानं सांगायला सुरुवात केली. भाकर कशी असायची, उन्हाळ्यात पाय कसे पोळायचे, सणाच्या दिवशी आतून तळणाचा वास यायचा तेव्हा गुलाब कशी विचारायची, की माय, आपल्याले आज थे देतीन का. सुलोचनाबाई काही न गाळता सांगत होत्या. मधेच कधीतरी यशोदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांचा पदर त्या कामाला पहिल्यांदाच येत असावा. आणि एलिननं नवं रीळ भरून, विचारून, थांबून, उत्तर येऊ देऊन, एक फोटो काढला.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी एलिननं लिहिलेलं सगळं सुलोचनाबाईंनी मराठीत वाचून दाखवलं. अंगणात वस्ती जमली होती, यशोदाबाईही कडेला होत्या. मजकूर सुरूच असा होता, की बोरगावची बिचारी धुरपता.

"बिचारी कोन?" धुरपतानं विचारलं.

एलिननं तो शब्द खोडला. आणि काय लिहू, म्हणून विचारलं.

"मी कापूस येचतो. तसं लिव. अन् तुले येचता येत नाई, हेबी लिव."

तेही लिहिलं गेलं. नॉर्वेतल्या मुलांनी ते वाचून काय म्हटलं, कुणाला माहीत. पण वर्ध्याला परतलेल्या त्या विद्यार्थ्यांपुढं त्यांच्या नॉर्वेच्या मास्तरीनबाईंनी आपल्या नेमाला एक नवी ओळ जोडली, असं सुलोचनाबाई पुढं सांगत, की ज्याच्याकडून परवानगी घ्यायची, त्याला नकार देण्याची मोकळीक आधी द्यायची. सुलोचनाबाईंनीही पुढं आयुष्यभर मुली शिकवल्या, आणि गाळणी पुन्हा हातात घेतली नाही.

वाचकहो, हे सगळं आता फार जुनं झालं. ती पायरी नाही, तो ओटा नाही, निंबाच्या जागी विजेचा खांब आहे. आणि आता तर ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे. कुणाचं घर पुरात गेलं, कुणी रस्त्यात पडलं, की आपला हात आधी खिशात जातो. चांगल्या मनानंच जातो, जगाला कळावं म्हणून जातो. एलिनचंही मन चांगलंच होतं. म्हणून एवढं ध्यानात ठेवू या. दुसऱ्याचं दुःख ही त्याच्या घरातली वस्तू आहे. ती त्यानं हातानं दिली तर घ्यावी, आणि देताना तो ताठ उभा आहे ना, हे पाहून घ्यावी. तो नुसता भिडेपोटी हो म्हणत असेल, तर आपणच हात मागं घ्यावा. ज्याची गोष्ट, त्याच्या शेजारी बसून जी वाचता येत नाही, ती कितीही खरी असली तरी लिहू नये.

पुढल्या पावसाळ्यात नॉर्वेहून टपालानं तो फोटो आला. प्रेमदासनं जिनिंगातल्या सुताराकडून चौकट करून आणली. धुरपताच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीच्या थोडा खाली, तो पुढं पुष्कळ वर्षं होता. पायरीवर बसलेली धुरपता, कमरेला ओटीची गाठ, शेजारी पाटी घेऊन गुलाब. मागं दारात अर्ध्या दिसणाऱ्या यशोदाबाई आणि त्यांच्या पोटाशी ती न अंथरलेली सतरंजी. शेळीचा फोटो वेगळा आला होता, तो गुलाबनं कुणाला हात लावू दिला नाही.

घरी आता पाहुणे आले, की धुरपता ती गोधडी कोठीमागं लपवत नसे. पांघरायला देत असे. आणि एखादा नवा पाहुणा भिंतीकडं पाहून विचारायचा, हा फोटो कधीचा? गुलाब तोवर मोठी झाली होती, तारीख-साल तिला पाठ होतं. पण ती ते सांगत नसे.

"माय पायरीवर बसली, त्या दिवशीचा हाये," ती म्हणायची.